खुळ्यांनी मांडलेला डाव

शहाण्या माणसाने नवा व्हिडिओ गेम काढू नये. हिशेबाची वही समोर ठेवली की दुसरे उत्तर निघत नाही. संगणकावरच्या खेळांची मोठी बाजारपेठ म्हणजे स्टीम. तिथे 2024 या एका वर्षात 18,000 हून जास्त नवे खेळ आले, म्हणजे रोजचे साधारण पन्नास. त्या वर्षी लोकांनी स्टीमवर खेळण्यात जेवढा वेळ घालवला, त्यातला फक्त 15 टक्के त्याच वर्षी आलेल्या खेळांच्या वाट्याला आला. 37 टक्के वेळ आठ वर्षांहून जुन्या खेळांनी खाल्ला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ हा 2013 चा गेम, त्याच्या 20 कोटींवर प्रती विकल्या गेल्या आहेत. ‘माइनक्राफ्ट’ने 2023 मध्येच 30 कोटींचा आकडा ओलांडला. नव्या गेमवाल्याची खरी गाठ दहा वर्षे लोकांच्या हातात बसलेल्या जुन्या गेमशी असते. नव्या गेममध्ये घातलेले पैसे बुडणे हा इथला नियम आणि तरणे हा अपवाद.

हे सगळे आकडे पाहूनच मी आज खुळ्यांची स्तुती करायला बसलो आहे. हे माहीत असूनही जो नवा डाव मांडतो त्याला जग खुळा म्हणते. म्हणू दे. मी त्याच्या बाजूचा आहे, आणि का आहे ते सांगतो.

आधी शहाण्यांनी काय केले ते पाहू. 1982 साली अमेरिकेत ‘ई.टी.’ हा चित्रपट तुफान चालला. अटारी कंपनीने हिशेब केला: चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला, नाताळ तोंडावर आलेला, घरोघरी अटारीचे यंत्र. यापेक्षा खात्रीचा गेम कुठला? तो बनवायला हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. लाखो कार्ट्रिज तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक दुकानांतून परत आल्या. 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीने आपला न खपलेला माल पुरला, आणि 2014 मध्ये तो उकरून काढला तेव्हा त्यात ‘ई.टी.’ही निघाला. 1983 पासूनच्या दोन वर्षांत अमेरिकेतला हा सगळा धंदाच कोसळला.

हे जुने झाले म्हणावे, तर 2024 चे घ्या. एका पठडीच्या गोळीबाराच्या गेमला मागणी आहे हे ओळखून सोनीने 23 ऑगस्टला ‘कॉनकॉर्ड’ बाजारात आणला. मागे वर्षानुवर्षांचे काम आणि पाण्यासारखा ओतलेला पैसा. 6 सप्टेंबरला तो बंद झाला, घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, आणि ऑक्टोबर संपायच्या आत गेम बनवणारा स्टुडिओही मिटवण्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे शहाणा पैसा वेगळ्या वाटेने गेला. गोष्ट, चित्रे, संगीत यांत पैसे घालून वाट पाहण्यापेक्षा रमी आणि पैसे लावून खेळायच्या क्रिकेट स्पर्धा बऱ्या, असा तो हिशेब होता. लोक रोज खेळतात, रोज पैसे लावतात, त्यातला वाटा रोज मिळतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. ड्रीम11 सारख्या कंपनीला पैशांच्या स्पर्धा त्याच आठवड्यात थांबवाव्या लागल्या. त्या व्यसनात संसार बुडालेले लोक आहेत, म्हणून मला त्या पैशाचे दुःख नाही. माझे म्हणणे एवढेच की विक्रीचा कल पाहून चालणारासुद्धा बुडतो, आणि बुडाल्यावर त्याच्या हातात दाखवण्यासारखे काही उरत नाही. खुळा बुडाला तरी निदान एक खेळ मागे ठेवून जातो.

या बाबतीत आमच्या सिंधुदुर्गाने घालून दिलेल्या उदाहरणाएवढे मोठे उदाहरण मला सापडलेले नाही.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे. त्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने 1527 साली आपल्या एका मित्राला सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. दशावतारी गंजिफाचा संच 120 पानांचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. खेळायला तिघे लागतात. हुकूम नसतो. रूढ रीतीप्रमाणे दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत पानांची चढउतार उलटी, म्हणजे दश्शी वरचढ की एक्का हे आधी रंग बघून ठरवायचे. कुठले पान पडून गेले हे सगळे डोक्यात ठेवावे लागते. रमी खेळणाऱ्याची बोबडी वळेल असा हा खेळ आहे.

आता ते पान कसे होते ते जवळून पाहा. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर डकवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. मग बारीक कुंचल्याने अवतार, आयुधे, कडेची वेलबुट्टी, आणि शेवटी लाखेचा हात. पाठी सगळ्या एकसारख्या आल्या पाहिजेत. एका पानाच्या पाठीवर रंगाचा डाग वेगळा पडला, तर खेळणारा ते पान पाठीवरूनच ओळखेल आणि संच खेळायला निकामी होईल. असे एकशेवीस वेळा, एका संचासाठी.

छापील बावन्न पत्ते आले तेव्हा या कामाचे काय होणार हे सांगायला जाणकार लागत नव्हता. छापील जोड स्वस्त, खिशात मावणारा, भिजला तर दुसरा घ्यावा असा. गंजिफाचे गिऱ्हाईक गेले, खेळणारे गेले आणि करणारेही गेले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत हे काम जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून हे काम शिकून घेतले, तरुण मुलांना राजवाड्यात बसवून शिकवले आणि सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने गंजिफा पुन्हा बाजारात आणला.

बाजारात, म्हणजे कोणासाठी? खेळणारे जवळजवळ नव्हतेच. संस्थान विलीन झालेले, तनखे जायच्या बेतात किंवा गेलेले, आणि नियम सांगायला म्हातारी माणसेही मोजकी. असा माल काढायचा सल्ला कुठल्याही व्यापाऱ्याने दिला नसता, कुठल्याही बँकेने त्यावर कर्ज दिले नसते. खेळाडू नसलेला खेळ प्रकाशित करणे यापरते खुळेपण नाही. त्या खुळेपणामुळे पन्नास वर्षांनंतरही सावंतवाडीत गंजिफा रंगवला जातो, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हे काम करून घर चालवणारी माणसे आहेत. सत्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. त्यांनी त्या वेळी विक्रीचा कल पाहिला असता, तर आज गंजिफा मुंबई-लंडनच्या वस्तुसंग्रहालयांतच बघायला मिळाला असता. त्याच गावच्या चितार आळीतली लाकडी खेळणीसुद्धा प्लास्टिकच्या लाटेत कधीच वाहून जायला हवी होती. तिथले दुकानदार अजून दुकाने उघडतात. त्यांनाही माझा नमस्कार.

याच जातीचे खुळ पुण्यात निघाले. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ नावाचा गेम करायला घेतला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर लघुचित्रांच्या शैलीतली चित्रे आणि मधून मधून सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. ठरलेली रक्कम जमली नाही, त्यामुळे तिथल्या नियमाप्रमाणे हातात एक पैसाही आला नाही. शहाण्याने तिथेच थांबायचे होते. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी घर विकले आणि काम चालू ठेवले.

‘राजी’ 18 ऑगस्ट 2020 ला आला तो पहिल्यांदा निन्टेंडो स्विचवर, म्हणजे भारतात अधिकृतपणे विकलेच न जाणाऱ्या यंत्रावर. इथला गेम इथल्या लोकांना दोन महिन्यांनी बाकीच्या यंत्रांवर मिळाला. स्विचवर आल्यानंतरच्या पंधरवड्यातच, 2 सप्टेंबरला, सरकारने पबजीवर बंदी घातली आणि देशभर चर्चा झाली ती त्याची. आता मुलांनी काय खेळावे, असे ज्याला त्याला वाटत होते. ‘राजी’चे नाव घेणारे थोडे होते. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट गेमसाठी जगभरातून जी पाच नावे निवडली, त्यांत मात्र ‘राजी’ होता. गेममध्ये उणिवा आहेत. लढाया मध्येच अडखळतात आणि शेवट घाईत उरकलेला वाटतो. तरीही तो आहे, आणि पुण्यात बसून असला गेम होऊ शकतो की नाही हा प्रश्न आता कोणाला विचारावा लागत नाही.

मात्र घर विकायची पाळी एका माणसावर यावी, याचा मला राग येतो. संध्याकाळी मालवणच्या धक्क्यावर चार मुले मोबाइलवर मान घालून बसलेली असतात, मागे किल्ला, समोर होड्या, आणि तोंडाने “अरे उजवीकडसून येता, मार त्येका!” चाललेले. गेमसाठी किती पैसे दिले असे विचारले की उत्तर ठरलेले: “पैशे कित्याक? फुकट असा मा!” मोबाइल गेम उतरवून घेण्यात भारत जगात पहिल्या रांगेत आहे आणि त्यांवर पैसे खर्च करण्यात फार मागे. पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या ‘इंडस’ या गेमसाठी तो यायच्या आधी कोटीभर लोकांनी नाव नोंदवले होते. नाव नोंदवायला पैसे पडत नव्हते.

याच किनाऱ्यावर आमच्याकडे रापण ओढतात. होडीतून जाळे अर्धगोलात टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी ओढायची. मासळी लागली तर वाटे होतात, आणि जाळे रिकामे आले तर रिकाम्या हाताने सगळेच घरी जातात. समुद्रात काय आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून जोखीम एकट्यावर टाकत नाहीत. गेमच्या धंद्यातही पुढे काय आहे हे कोणालाच दिसत नाही. ‘अँग्री बर्ड्स’ काढण्याआधी फिनलंडच्या रोव्हिओने पन्नासहून जास्त गेम केले होते आणि कंपनी बुडायच्या टोकाला आली होती. ‘अमंग अस’ 2018 मध्ये आला आणि दोन वर्षे जवळजवळ पडून होता. 2020 मध्ये टाळेबंदीत तो जगभर पसरला. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन याने एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून केला, आणि त्याच्या कोट्यवधी प्रती गेल्या. विक्रीच्या आलेखावरून यातले एकही आधी सांगता आले नसते. जे आधी सांगता येत नाही ते करून बघावे लागते, आणि करून बघणाऱ्याच्या मागे दोरी धरायला माणसे लागतात. आम्ही गेममध्ये फक्त मासळीच्या वेळी हजर असतो.

म्हणून मी खुळ्यांत दुसरी एक जात मोजतो: न ऐकलेल्या माणसाचा न पाहिलेला गेम पैसे मोजून पहिल्याच दिवशी घेणारी. तो गेम आवडेल याची तिला काही हमी नसते. पण नवा डाव मांडणाऱ्याचा दुसरा डाव याच माणसांच्या पैशांवर उभा राहतो, आणि आपल्याकडे टंचाई आहे ती यांचीच.

आमच्या जिल्ह्यात तर करण्याजोगे किती पडून आहे! सिंधुदुर्ग किल्ला जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गेमची पहिली पायरी शिवकालीन स्थपतींनी आखूनच ठेवलेली आहे. आमच्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरले की नट उभ्या उभ्या बोलतो, आणि संकासुराच्या नुसत्या येण्याने पोरे आईच्या पदराआड जातात. हे गेममध्ये आणायला कुडाळ-कणकवलीचा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा किंवा मुलगी हवी, बंगळुरूची कंपनी नको. तसे कोणी घरी म्हणाले की बाप विचारणार, “त्यात्सून काय गावतला?” बापाचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर “बहुतेक काय नाय” हेच आहे. तरी करू द्यावे. दिवसा दुसरी नोकरी, रात्री हे, अशा बेताने करावे, घर विकू नये, कर्ज काढू नये, पण करावे.

आणि वाचकांना विनंती. सावंतवाडीला गेलात तर गंजिफाचा संच घ्या, चौकटीत घालून भिंतीला लावू नका, नियम विचारून घ्या आणि तिघांनी मिळून खेळा. ‘राजी’ अजून विकत मिळतो, तो विकत घ्या. ओळखीतल्या कोणा पोराने उद्या गेम काढला, तर शाबासकीबरोबर त्याची किंमतही द्या. फुकट मागू नका.