उजळणीकाका

दोह्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे वर्षातलं सगळ्यात गोड हवामान. एसीची घरघर थांबते, खिडक्या उघडतात, लोक संध्याकाळी पोराबाळांसकट समुद्रकाठी कॉर्निशवर लोटतात. ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांना मात्र यातलं काही दिसत नाही. त्यांना दारात उभे असलेले उजळणीकाका दिसतात.

असा एक गृहस्थ प्रत्येक मराठी गोतावळ्यात असतोच. पुण्यात तो वाड्याच्या जिन्यात गाठतो, डोंबिवलीत लोकलमध्ये. आमचा अल मन्सूरातल्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, तो फी घेत नाही आणि विषय त्याचा नसतो. आमचे काका मूळचे दापोलीकडचे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनियर. त्यांचा एक मुलगा पुण्यात, एक कॅनडात. दोघांनीही दहावीनंतर बायोलॉजीला हात लावला नाही. त्यामुळे काकांच्या अंगात दोन मुलांची उजळणी तशीच साठून राहिली आणि ती आता बिल्डिंगीतल्या पोरांवर निघते, असं काकूंचं निदान आहे.

जानेवारी संपता संपता काकांच्या हॉलमधला टीव्ही भिंतीवरून उतरतो आणि तिथे पांढरा फळा चढतो. लाल पेन शुद्ध रक्ताला, निळं अशुद्ध रक्ताला, हिरवं वनस्पतींना. एका मुलीने एकदा हिरव्या पेनाने यकृत रंगवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘‘पित्त हिरवट असतं बाळा. यकृताने काय पाप केलंय?’’

काकांचं एकच तत्त्व आहे: बेसिक पक्कं पाहिजे. हे ते भाजी निवडतानाही म्हणतात. अडचण एवढीच, की काकांच्या मते बेसिक म्हणजे पेशी, आणि म्हणून कुठल्याही धड्याची उजळणी पेशीपासून सुरू होते.

‘‘काका, इकॉलॉजी राहिलंय.’’

‘‘करू की. आधी पेशी बघू.’’

बारावीचा सीबीएसईचा लेखी पेपर ७० मार्कांचा. त्यात जेनेटिक्स आणि इव्होल्यूशनला २०, इकॉलॉजीला १०. ही वाटणी आयांना तोंडपाठ असते. एक वहिनी धीर करून म्हणाल्या, ‘‘काका, पेशी अकरावीत झाली. बोर्डाला येत नाही.’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘वहिनी, शरीराला सिलॅबस ठाऊक नसतो.’’ त्यावर काय बोलणार? त्यातून २०२२ साली नीटचं केंद्र दोह्यातच मिळालं आणि काकांना सरकारी आधार सापडला. नीटमध्ये १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे, आणि तेही अकरावी-बारावी दोन्हींवर. तेव्हापासून कुणी सिलॅबसचं नाव काढलं की काका नुसतं ‘‘नव्वद’’ म्हणतात आणि पेशीचं आवरण काढायला घेतात.

आवरणापासून ते मायटोकॉन्ड्रियापर्यंत गाडी बरी चालते. खरी गंमत मूत्रपिंडाशी येते, कारण तिथे काकांची नोकरी आडवी येते. नेफ्रॉनची आकृती ते प्लांटच्या ड्रॉइंगसारखी काढतात, व्हॉल्व्ह-बिल्व्हसकट. ‘‘मिनिटाला १२५ मिली गाळलं जातं. दिवसाचे किती? १८० लिटर. बाहेर किती पडतं? जेमतेम दीड. बाकीचं सगळं परत आत!’’ इथे काकांचा आवाज कातर होतो. ‘‘आम्ही समुद्राचं १०० लिटर पाणी घेतो आणि ४० लिटर गोडं हाती लागलं तरी खूश होतो. आणि हे बघा, मुठीएवढं यंत्र, आवाज नाही, शटडाउन नाही.’’ ऑफिसात वरिष्ठाने शेजारच्या टेबलावरच्याचं कौतुक केल्यावर माणूस जसा बोलतो, तसे काका मूत्रपिंडाबद्दल बोलतात. पण एक खरं, ते १८० आणि दीड हे आकडे त्या हॉलमधून गेलेलं एकही पोर विसरलेलं नाही.

पाठांतरावर त्यांचा राग आहे, पण पाठांतराच्या युक्त्यांचा सोस त्याहून मोठा. पेशीविभाजनाचे टप्पे, म्हणजे प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज, लक्षात राहावेत म्हणून त्यांनी ‘प्रमिला मेथी आणते टेबलावर’ हे वाक्य रचलं. प्रमिला हे काकूंच्या थोरल्या बहिणीचं नाव, त्यामुळे घरात दोन दिवस अबोला होता. एका पोराने सराव परीक्षेत दुसरा टप्पा ‘मेथीफेज’ लिहिला. क्रोमोसोम मध्यरेषेवर रांगेने उभे राहतात हे वर्णन मात्र अचूक होतं. काका त्या पेपराचा फोटो अजून फोनमध्ये बाळगून आहेत.

मेंडेलवर त्यांचं विशेष प्रेम. मठात राहून सात वर्षं वाटाणे मोजणारा माणूस त्यांना आपल्यातला वाटतो. पण वाटाण्यापाशी थांबले तर ते काका कसले! गणपतीत सगळे जमलेले असताना ते प्रत्येकाला रक्तगट विचारतात आणि पेपर नॅपकिनवर चौकोन आखून पोरांना वारसा समजावतात. एके वर्षी एक गृहस्थ म्हणाले, ‘‘माझा ओ, मुलाचा एबी.’’ काकांचं पेन हवेत थांबलं. ज्याला बेसिक ठाऊक आहे त्याला कळतं, की ओ रक्तगटाच्या बापाला एबीचं मूल सहसा होत नाही. बारावीच्या चार पोरांनाही ते त्याच क्षणी कळलं. उकडीच्या मोदकांच्या रांगेत एकदम सामसूम. काकांनी नॅपकिनची घडी केली, खिशात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा विषय बदलला. त्या गृहस्थांच्या बायकोने पर्समधून नवऱ्याचा रिपोर्ट काढून टेबलावर आपटला तेव्हा कळलं, की साहेबांचा गट बी आहे. ओ त्यांच्या धाकट्या भावाचा. ‘‘वीस वर्षं संसार केला आणि स्वतःचा रक्तगट माहीत नाही,’’ असं त्या म्हणाल्या. काकांना एवढं हायसं वाटलं, की त्यांनी आरतीच्या आधीच कोडॉमिनन्स पुन्हा समजावला.

घोकू नको, बघ, हा त्यांचा दुसरा हेका. त्यासाठी ते अख्ख्या कतारला प्रयोगशाळा समजतात. मासळीबाजारात काकू सुरमई बघत असतात आणि काका बर्फावरच्या हामूरसमोर पोरांना उभं करून सांगतात, ‘‘हा आधी मादी असतो. वाढून थोराड झाला की नर होतो.’’ काकू मान न वळवता म्हणतात, ‘‘मोठेपणी बिघडतात म्हणायचे.’’

दोह्यातल्या रस्त्यांच्या कडेला खजुराची झाडं आहेत, त्यांना बोर्डाच्या सुमारासच मोहर येतो. खजुरात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. वाऱ्यावर भरवसा ठेवला तर फळ कमी धरतं म्हणून माणूसच झाडावर चढून नराच्या फुलांच्या काड्या मादीच्या तुऱ्यात खोचतो. असा एक कामगार शिडीवर दिसला आणि काकांनी गाडी कडेला घेतली. आपल्या दापोलीछाप हिंदीत त्याच्याशी गप्पा मारून एक अख्खा नराचा तुरा मागून आणला. फळ्यासमोर तो झटकला, ‘‘हे बघा पोलन!’’ सोफा पिवळा, गालिचा पिवळा. आतून काकूंना शिंकांवर शिंका. एखादा माणूस घाबरला असता. काकांनी डस्टर घेतलं, परागीभवन पुसलं आणि लिहिलं: अ‍ॅलर्जी. ‘‘बघा, आता काकूंच्या शरीरात आयजीई अँटिबॉडीज, मग मास्ट सेल्स, मग हिस्टामिन...’’

‘‘आधी गोळी द्या,’’ काकू आतून ओरडल्या. ‘‘हिस्टामिन मागाहून शिकवा.’’

‘‘तीच तर अँटिहिस्टामिन,’’ काका पोरांकडे बघून आनंदाने म्हणाले. गोळी शेवटी आमच्या घरून गेली.

आणि इकॉलॉजी? ते राहिलेलंच असतं. बायोलॉजीचा पेपर येतो मार्चच्या उत्तरार्धात, तोवर दुसऱ्या विषयांचे पेपर चालू. गेली काही वर्षं त्यातच रमजान आलेला. ऑफिसं लवकर सुटतात, त्यामुळे काका दुपारीच हजर. रमजानाचा सगळ्यात कडक उपास आमच्या बिल्डिंगीत बारावीच्या पोरांना घडतो. पेपरच्या आधीच्या शुक्रवारी मात्र काका फळा बंद करतात आणि पोरांना गाडीत कोंबून उत्तरेला साठेक किलोमीटरवर, अल खोरच्याही पलीकडे अल थखिराच्या खाडीत नेतात. सगळीकडे वाळवंट, आणि मधेच गुडघाभर चिखलात हिरवंगार तिवरांचं रान. चिखलातून बोटभर मुळं वर डोकावत असतात, श्वास घेण्यासाठी. ‘‘हीच तिवरं आमच्या दाभोळच्या खाडीत,’’ काका म्हणतात. मग एक पान तोडून पोरांपुढे धरतात. ‘‘चाट.’’

पोरं आधी एकमेकांकडे बघतात. मग चाटतात. पान खारट लागतं. मुळाशी बरंचसं मीठ अडवायचं, आत शिरलेलं पानावाटे बाहेर टाकायचं, अशी त्या झाडाची रीत. काका पँट दुमडून चिखलात उभे असतात आणि आपल्या प्लांटपेक्षा भारी निघालेलं आणखी एक यंत्र बघून त्यांना काय बोलावं सुचत नाही. तेवढी पाच मिनिटं पेशीचा उल्लेख होत नाही. मग बेडूक-बगळ्यांऐवजी फ्लेमिंगो आणि खेकडे घेऊन अन्नसाखळी, अनुकूलन, जैवविविधता असा अख्खा धडा परतीच्या रस्त्यावर गाडीत उरकतो. दहा मार्कांचा विषय तासाभरात. आया इतकी वर्षं उगाच काळजी करतात.

शेवटच्या आठवड्याला काका ‘सप्ताह’ म्हणतात. सात दिवसांत एनसीईआरटीच्या पुस्तकाचं पारायण. रोज किती पानं ते ठरलेलं, वाचताना मधे उठायचं नाही, आणि समाप्तीला काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी. दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी रुजण्याच्या लायकीची निघाली, असं एक वाक्य त्या पुस्तकात आहे. ते आलं की पोरं आपोआप थांबतात, कारण काका तिथे हटकून एक खजूर तोंडात टाकतात आणि बी पोरांना दाखवतात. एक झाला की दुसरा. मग तिसरा. काकू स्वयंपाकघरातून बिया मोजत असतात.

कारण काकांना मधुमेह आहे. स्वादुपिंड, लँगरहान्सची बेटं, बीटा पेशी, इन्शुलिन हे सगळं ते इतकं रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याला आपल्यालाही थोडा असावा असं वाटतं. आणि सांगता सांगता त्यांचा हात कुनाफ्याच्या डब्यात जातो. मे महिन्यात निकाल लागला की घराघरातून पेढे येतात. ‘‘पोरांचं मन मोडायचं नाही,’’ असं म्हणत ते प्रत्येक घरचा पेढा वेगळा खातात.

पेपरच्या दिवशी काकांचं काम नसतं. भारतात साडेदहाला पेपर, म्हणजे इथे सकाळी आठला. साडेसहाला पोरं गाड्यांमध्ये बसतात. काका खाली येऊन नुसते उभे राहतात. कुणी पुस्तक उघडलं की ते हातातून काढून घेतात. ‘‘आता काही वाचायचं नाही. आत्तापर्यंत आलं ते आलं.’’ वर्षभर पेशीपासून सुरू करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण पोरं ऐकतात. काही महिन्यांनी ती सगळी भारतात कॉलेजला निघून जातात. इथल्या बहुतेक घरांचं हेच होतं. बारावी झाली की एक खोली रिकामी होते. काकांच्या घरी दोन रिकाम्या आहेत. जुलैत त्या फळ्यावर काकूंचा वाणसामान आणायचा हिशेब असतो.

मागच्या सुट्टीत काकांच्याच तालमीतली एक मुलगी आली, महाराष्ट्रात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा झाला, आणि तिने काकूंच्या इशाऱ्यावरून टेबलावरचा लॅबचा रिपोर्ट उचलला.

‘‘काका, लाल पेशी किती दिवस जगते?’’

‘‘१२० दिवस,’’ काका खूश होऊन म्हणाले. ‘‘बेसिक आहे.’’

‘‘आणि साखर हिमोग्लोबिनला चिकटली की?’’

‘‘चिकटली की... राहते.’’

‘‘म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही काय खाल्लंत ते सगळं या एका आकड्यात येतं. टेस्टच्या आधी दोन दिवस पथ्य करून काही उपयोग नाही. बरोबर?’’

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी रिपोर्ट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून पुसला.

‘‘हे,’’ ते म्हणाले, ‘‘सिलॅबसमध्ये नाही.’’