खोकेवाल्याचं खुलं पत्र

आदरणीय फाउंडरसाहेब,


'उगवता उद्योजक' म्हणून आपला सत्कार झाल्याचं पेपरात वाचलं. अभिनंदन! मी भोसरी एमआयडीसीतला आपला खोकेवाला. खोकी पुठ्ठ्याची, राजकारणातल्या खोक्यांशी संबंध असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. आपलं 'दहा मिनिटांत गरमागरम थालीपीठ' आमच्याच खोक्यातून जातं, म्हणून हक्काने चार शब्द.

थालीपीठाची किंमत 99 रुपये, त्यावर कूपन 60 चं. गिऱ्हाइकाकडून हाती आले 39. पोचवणाऱ्या पोराला 45, खोक्याला 9. म्हणजे भाजणी, लोणी, गॅस सगळं फुकट मिळालं तरी दर ऑर्डरीमागे 15 रुपये पदरचे. आपल्या ऑफिसात हे विचारलं तर 'काका, स्केल झालं की भरून निघेल' असं कळलं. आमच्या धंद्यात नगामागे 15 गेले तर लाख नगांमागे 15 लाख जातात. आमचं शिक्षण जुनं. मध्यंतरी आठवडाभर कूपन बंद होतं, तेव्हा आमच्याकडची खोक्यांची मागणी निम्म्यावर आली. आम्हा अडाण्यांना वाटलं, लोकांना थालीपीठ नव्हे, साठ रुपये आवडत होते. आपण त्याला 'सीझनल डिप' म्हणालात.

अर्थात आपण थोरांच्या पंगतीत आहात. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने 2018 मध्ये नेहमीचेच खर्च बाजूला ठेवून 'कम्युनिटी-ॲडजस्टेड' नफा शोधून काढला. 2019 च्या सुरुवातीला कंपनीची किंमत 47 अब्ज डॉलर लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. मोबाइलवर छोटे व्हिडिओ दाखवणाऱ्या क्विबीने सुमारे 175 कोटी डॉलर उभे केले, एप्रिल 2020 मध्ये दुकान उघडलं आणि ऑक्टोबरात बंद करत असल्याचं जाहीर केलं. पैसा भरपूर होता, बघणारे नव्हते. उलट आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर! लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. कूपन वाटायचं काही त्यांना सुचलं नाही. शेतकऱ्याला पटेपर्यंत चिकाटी धरून बसले. किती हा मागासलेपणा!

माणसं जोडण्यात तर आपला हात कोण धरणार? कॉलेजच्या कट्ट्यावर मित्राला निम्मा हिस्सा दिलात. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के व्हावेत, वर्षाच्या आत सोडून गेला तर काहीच मिळू नये, ही व्हेस्टिंगची साधी अट आपल्याला मैत्रीचा अपमान वाटली. मित्र आठव्या महिन्यात कॅनडाला गेला, जाताना निम्मी कंपनी घेऊन. आता नवा गुंतवणूकदार सही करत नाही, हा अर्थातच त्याचा कोतेपणा. 'चीफ हॅपिनेस ऑफिसर' मात्र वेळेवर नेमलात. अकाउंटंटची जागा रिकामी राहिली आणि पोरांच्या पगारातून कापलेला पीएफ भरायचा राहून गेला, एवढंच.

आमच्या बिलाचं विचारलं की 'गुंतवणुकीचा राउंड क्लोज होऊ दे' असं ऐकू येतं. म्हणजे आपले खरे गुंतवणूकदार आम्हीच. फक्त शेअर नाहीत आणि सत्काराचं आमंत्रण नाही. माहितीसाठी सांगतो : 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार काहीही असला तरी आमच्यासारख्या लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आता मुदत टळलेलं बिल चुकतं होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. नफाच नसल्यामुळे या शेवटच्या कलमाची आपल्याला धास्ती नाही, हा आपल्या मॉडेलचा खरा फायदा.

गुंतवणूकदाराचे पैसे ही कमाई नव्हे. कमाई गिऱ्हाईक देतं, तेही पुन्हा आलं तर. पटत नसेल तर राहू द्या. बिल तेवढं सोमवारपर्यंत चुकतं करा. मंगळवारपासून खोकी रोखीनेच मिळतील.

कळावे,
आपला नम्र,
एक धनको