विकतचं फडकं

फडकं विकत मिळतं ही बातमी आमच्या आजीपर्यंत पोचली नाही, हे एका परीनं बरंच झालं. पाणी बाटलीत भरून विकतात हे तिनं ऐकलं होतं, आणि ‘असेल बाई’ म्हणून ती पुन्हा वाती वळायला लागली होती. फडक्याचं मात्र तिला सोसलं नसतं. हल्ली फोनवर नुसतं बोट फिरवलं की फडक्यांची आरास उभी राहते. सहाचा संच, बाराचा संच, काचेसाठी निळं, ओट्यासाठी पिवळं, गाडीसाठी करडं. शेजारी एक बाई असते. तिचा ओटा आधीच लख्ख असतो, तरी त्यावरून फडकं फिरवताना तिला इतका आनंद होत असतो की तिच्या घरी नुकतं कुणाचं तरी लग्न ठरलं असावं. खाली लोकांनी अभिप्राय दिलेले असतात. फडक्याबद्दल चार ओळी लिहाव्यात इतकी निवांत माणसं अजून जगात आहेत, याचा मला खरोखर धीर वाटतो.

आता यातली गंमत अशी की हे फडकं ज्या घरात येतं, त्या घरात कपाटाचं दार गुडघ्यानं रेटून लावावं लागतं. कपडे कमी आहेत म्हणून फडकं मिळत नाही असं नव्हे. कपडे उदंड आहेत, पण त्यातला एकही फडकं व्हायला तयार नाही. ते जुने होत नाहीत, विटत नाहीत, फाटत नाहीत. फक्त आवडेनासे होतात. आवडेनाशा झालेल्या कपड्याचं काय करायचं, याचं शास्त्र आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण तसा प्रसंगच पूर्वी कुणावर आला नव्हता.

आजीच्या राज्यात लुगड्याला चार आश्रम होते. पहिली काही वर्षं ते सणावारी नेसायचं, घडी मोडल्याचा मुहूर्त घरादाराला ठाऊक. मग ते रोजच्या वापरात उतरायचं. मधल्या भागात विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही धडके तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडं नेसून बाहेर जायला बायका थोड्या संकोचत, पण घरात त्याच्याइतकं अंगाला मवाळ दुसरं काही नसे. तिसऱ्या आश्रमात त्याची गोधडी व्हायची, किंवा बाळंतिणीच्या खोलीत त्याची दुपटी व्हायची. या जगात येणाऱ्या माणसाच्या अंगाला पहिला स्पर्श जुन्या कापडाचा व्हावा, असा तेव्हाचा शिरस्ता. नव्या कापडाची खळ बाळाला बोचते, असं सांगत. आणि चौथा आश्रम म्हणजे फडकं. त्यातही प्रतवारी होती. धोतराचा मऊ तुकडा चक्का बांधायला, पातळाचा लांब पट्टा गच्चीवर कुरडया घालायला, उरलेलं ओट्याला, मग केराला, आणि अगदी शेवटी जे उरेल त्याचा काकडा होऊन बंब पेटायचा. नऊ वार कापडातलं वीतभरसुद्धा घराबाहेर गेलं नाही.

फडकं करण्याचाही एक विधी होता. आधी बटणं काढायची. ती बिस्किटांच्या डब्यात जायची आणि त्या डब्यात एकसारखी चार बटणं सापडल्याचं मी कधी पाहिलं नाही. मग काठ विळीच्या पात्याला लावून आजी एक बारीकशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. टर्र असा एक सरळ, कोरडा आवाज यायचा. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, आज्ञाधारक असतं. त्या आवाजानं मांजर उठून दुसरीकडे जाऊन बसायचं. तयार झालेलं फडकं मोरीवर लटकलं तरी त्याची ओळख पुसली जात नसे. हा काकांचा मॅट्रिकचा शर्ट, हे आत्याच्या डोहाळजेवणाचं पातळ. दूध उतू गेलं की सांगायचे, ‘अगं, अण्णांचं धोतर आण लवकर’. अण्णा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण घरात दूध उतू गेलं की धावून यायचे ते अण्णाच.

या जुन्या कापडाला पुढे शास्त्राचंही शिफारसपत्र मिळालं. रीटा कॉलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांमध्ये एक प्रयोग केला. नदी-तळ्याचं पाणी घड्यात भरताना जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून गाळायचं, एवढंच. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव साडीत अडकतात. पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं उतरलं. २००३ साली हे छापून आलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली. पुन्हापुन्हा धुऊन सुती धागा फुलतो, विणीतली छिद्रं बारीक होतात आणि साडी जास्त काटेकोर होते. माणसंही वयानुसार अशीच व्हायला हरकत नव्हती. आमच्याकडे तांब्याच्या हंड्याच्या तोंडाला जे फडकं बांधलेलं असायचं, ते कुणी पटकीचा अभ्यास करून बांधलं नव्हतं. पण बांधलं होतं.

आजचा टीशर्ट या घराण्यातला नाही. आमच्या वस्तीत प्रत्येकाकडे मॅरेथॉनचे टीशर्ट आहेत, न धावलेल्यांकडे जरा जास्तच. छातीवर आकडा, पाठीवर प्रायोजकांची पंगत. हा टीशर्ट ओट्यावर सांडलेल्या पाण्यावर टाकून पाहावा. तो पाणी पीत नाही. पाण्याला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन जातो, कोपऱ्यात सोडतो आणि स्वतः कोरडा परत येतो. पाहुण्याला घर दाखवून चहा न देता वाटेला लावणारे यजमान असतात, त्यांच्या कुळातला. कारण तो पॉलिएस्टरचा, म्हणजे मुळात खनिज तेलाचा. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी हा धागा टेरिलीन नावानं काढला. ते नोकरीला होते मँचेस्टरच्या एका कंपनीत, आणि त्या कंपनीचा धंदा होता सुती कापडावर छपाई करण्याचा. सुताच्याच घरात सुताची सवत जन्माला आली म्हणायची. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. हा धागा दर धुण्यात आपले सूक्ष्म कण पाण्याबरोबर सोडून देतो. ते मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात जातात. मॅरेथॉन पुरी करतो तो टीशर्टच.

आणि फोनवरून मागवलेलं ते निळं-पिवळं फडकं? तेही पॉलिएस्टर आणि नायलॉनचंच, धागा चिरून चिरून इतका बारीक केलेला की पाणी त्याच्या फटींत अडकून बसावं. म्हणजे टीशर्टचा सख्खा चुलतभाऊ आपण पैसे मोजून घरी आणतो आणि टीशर्टनं पसरवलेलं पाणी त्याच्याकडून टिपून घेतो.

पण टेरिलीनला नुसत्या शिव्या देणं मला बरोबर वाटत नाही. विहिरीवर बसून नऊवारी लुगडं आपटून धुणाऱ्या बाईला जाऊन विचारावं. भिजलेल्या लुगड्याचं वजन पेलून पेलून तिच्या मनगटांचं काय होई ते तिलाच माहीत. ज्या दिवशी घरात पहिली टेरिलीनची साडी आली, चुबकली की वाळली, इस्त्री नको, खळ नको, त्या दिवशी घरातल्या बाईला दुपारी अर्धा तास मोकळा मिळाला. तो मिळायलाच हवा होता. आणि आजीचा तो चार आश्रमांचा थाटही काही पर्यावरणासाठी नव्हता. एक नेसायचं, एक वाळत घालायचं, एवढाच तिचा संसार. काटकसरीला आज आपण मोठी मोठी नावं देतो, तेव्हा तिचं नाव ओढगस्त होतं.

मधल्या काळात, म्हणजे लुगडी संपली आणि ॲपं आली नव्हती तेव्हा, या सगळ्याचा हिशेब बोहारणीकडे होता. दुपारी बाराच्या पुढे ‘भांडीऽऽय’ अशी हाळी यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं बोचकं. ती दारात बसली की आमची आई एकदम परराष्ट्रमंत्री व्हायची. बोहारीण पँट उजेडासमोर धरायची, गुडघ्याकडचा भाग बोटांनी चाचपायची, चेन वरखाली करून पाहायची, कॉलर उलटी करायची. ‘ताई, याच्यात जीव नाही राहिला हो. याला गाळणी येईल चहाची.’ आई म्हणायची, ‘गाळणी? अहो, दिवाळीला शिवलेली पँट आहे.’ कुठल्या दिवाळीला, ते ती सांगत नसे. मग पँटवर एक शर्ट, शर्टावर एक परकर, आणि बोहारणीच्या बाजूनं गाळणीची वाटी, वाटीचं पातेलं, असं दोन्हीकडून चढत चढत तह व्हायचा. शेवटी पातेलं आत गेल्यावर आई म्हणायची, ‘लुटलंन बाई’, आणि जिन्यात बोहारीणही बहुधा तेच म्हणत असणार. ते पातेलं मात्र अजून आहे, आणि आमच्याकडे अजून ते ‘बाबांची निळी पँट’ याच नावानं चालतं.

आता बोहारीण फाटकाच्या आत येऊ शकत नाही. पहारेकऱ्याच्या फोनवर येणाऱ्याची वर्गवारी निवडावी लागते: पाहुणे, टॅक्सी, पार्सल, दुरुस्तीवाला. बोहारणीचा रकानाच नाही. मग कपडे पिशव्यांत भरून कुठेतरी ‘दिले’ जातात. पूर, भूकंप कुठेही झाला की आपल्या कपाटांना पाझर फुटतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर इतके कपडे जाऊन पडले की रस्त्याकडेला त्यांचे ढीग लागले. कोळणींनी घालावेत कसे, असे ते कपडे. अंशु गुप्ता यांच्या ‘गूंज’ या संस्थेनं त्यातले कितीतरी गोळा करून निवडले, दुरुस्त केले, मार्गी लावले. याच संस्थेनं जुन्या सुती कापडाच्या घड्या शिवून पाळीसाठी वापरायला दिल्या, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा उमगलं की फडकं ही किती मोठ्या लाजेची आणि गरजेची गोष्ट असू शकते. बाकीचे जुने कपडे लांब लांब फिरतात. हरियाणातल्या पानिपतला देशोदेशीचे टाकलेले लोकरी कपडे येतात. बायका त्यांची बटणं, चेनी कापून काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्रं त्यांचा पुन्हा पिंजून धागा करतात आणि त्याची कांबळी विणली जातात. पानिपतच्या नावानं आपल्या काळजात अजून कळ येते. तिथे आता जगाचे स्वेटर धारातीर्थी पडतात आणि कांबळं होऊन उठतात.

कपडा ही खासगी बाब, ज्याची त्याची आवड, असं आपण म्हणतो. परळला हे पटलं नसतं. ३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी विलायती कपड्यांची होळी केली. अंगातले कोट, डोक्यावरच्या टोप्या लोकांनी तिथल्या तिथे काढून टाकल्या. १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाची लॉरी अडवताना काळबादेवीत बाबू गेनू चिरडला गेला. तो गिरणीतच कामाला होता. म्हणजे कापड कुठून येतं आणि कुठं जातं, हा प्रश्न या शहरात एकेकाळी जिवाच्या मोलाचा होता. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी मिटला ते कुणाला नीट सांगता येत नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आता मॉल आहे आणि मॉलमध्ये कपडे मिळतात. जिथे कापड विणलं जायचं तिथे ते आता हँगरला लटकतं, आणि कॉलरच्या आत पाहावं तर देशाचं नाव भलतंच. सरकत्या जिन्यावरून वर जाताना हे सगळं डोक्यात आलं की शर्ट घेतला जात नाही. मग खाली येऊन आइस्क्रीम खाल्लं जातं. शहराच्या इतिहासाचा एवढा तरी फायदा.

सुती घेतला की सुटलो, असंही नाही. एका सुती टीशर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असं सांगतात. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर येतो, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी आभाळानं दिलेलं. पण ज्या वर्षी आभाळ देत नाही, त्या वर्षी यवतमाळच्या घराघरात काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतोच. तो टीशर्ट आपण चार वेळा घालून कंटाळावं, हे मात्र त्या पावसाला, त्या रानाला आणि त्या माणसाला शोभणारं नाही. तो विरेपर्यंत घालावा. मग घरात घालावा. मग त्याच्या बटणांचं काही बघावं, नसतीलच तर थेट विळीवर धरावा.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात एखादं जुनं धोतर, मलमलीचं उपरणं किंवा दंड घातलेलं लुगडं निघालं, तर टाकण्याआधी एकदा कळवावं. रंग कुठलाही चालेल. काठ उसवलेले चालतील, हळदीचा डाग असल्यास उत्तम. बदल्यात मॅरेथॉनचे टीशर्ट देऊ, घडीही न मोडलेले, साइज एक्सएल. घासाघीस करायला आमची हरकत नाही. फारच ताणलंत, तर वर एक चहाची गाळणी.