पुढच्या व्हर्जनचे पैसे आज कशाला?

‘एकदाच पैसे भरा, पुढची सगळी अपग्रेड आयुष्यभर फुकट. शेवटचे तीन दिवस.’ गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरची ही ऑफर पाहून ज्यांचा हात खिशाकडे जातो, त्यांना माझं सांगणं आहे की ती घेऊ नका. ‘शेवटचे तीन दिवस’ असं जिथं लिहिलंय, तिथं तर मुळीच नको.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता गावोगाव स्टुडिओ आहेत. स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची खोली, भिंतीला फोम, खिडकीला गोधडी, एक कंडेन्सर माइक आणि हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर. बैलगाडा शर्यतीचं गाणं, यात्रेचं गाणं, सरपंचकीच्या उमेदवाराचं प्रचारगीत, नवरदेवाच्या एन्ट्रीचं गाणं, गावच्या भजनी मंडळाचे अभंग असं सगळं इथंच होतं. माइकमध्ये घरघर जाते म्हणून टेक घेताना पंखा बंद. मे महिन्यात गायक घामाघूम होतो, ढोलकी चढते, दोन टेकच्या मध्ये सूर पुन्हा जुळवावा लागतो. ही पोरं कष्टाची आहेत आणि त्यांच्या कामाची मला कदर आहे.

यातले पुष्कळ जण सुरुवातीला क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरतात, हे उघड आहे. चार गाण्यांचे पैसे हातात आले की एखादा ठरवतो, आता रीतसर घ्यायचं. नेमका तोच या ऑफरचं गिऱ्हाईक होतो. फुकट्याला कसली आलीय मुदत? प्रामाणिकपणे पैसे मोजायला निघालेल्यालाच घाई केली जाते, याचा मला राग आहे.

केकवॉकचं उदाहरण घ्या. ग्रेग हेंडरशॉट यांनी १९८७ साली अमेरिकेत सुरू केलेली ही कंपनी. विंडोजवर काम करणाऱ्या जगभरच्या संगीतकारांचा तिच्या ‘सोनार’ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर जीव होता. २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने ती विकत घेतली. २०१६ मध्ये सोनारच्या सर्वांत वरच्या आवृत्तीवर आयुष्यभर मोफत अपडेट देण्याची मुदतीची ऑफर निघाली. जुन्या ग्राहकांत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे, कंपनी आता जोरात येणार. कुणी म्हणे, गल्ल्यात खडखडाट आहे म्हणून उद्याचे पैसे आज गोळा करतायत. लोकांनी विश्वासाने पैसे भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने जाहीर केलं की केकवॉकचं पुढचं काम बंद. पुढच्याच मे महिन्यात खुद्द गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढचा भाग आणखी बोचरा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने केकवॉकची मालमत्ता घेतली आणि एप्रिलमध्ये तेच सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. आयुष्यभराचे पैसे भरलेला आणि एक पैसाही न भरलेला, दोघं एकाच रांगेत. २०२३ मध्ये नवी घोषणा झाली की ‘सोनार’ पुन्हा येणार आणि त्याचे पैसे पडणार. जुन्या ग्राहकाने कुणाकडे दाद मागायची? ज्या कंपनीने शब्द दिला ती उरली नव्हती, आणि जी उरली तिने शब्द दिलाच नव्हता.

आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. न्हावऱ्याच्या घोडगंगा साखर कारखान्याचं आणि पाटसच्या भीमा साखर कारखान्याचं धुराडं बंद पडलेलं या दोन तालुक्यांनी पाहिलंय. सभासदाचा शेअर घरातल्या ट्रंकेत शाबूत होता, पण ऊस दुसरीकडे घालावा लागला. पाटसचा कारखाना २०२२ मध्ये कर्नाटकातल्या एका उद्योगसमूहाने भाड्याने घेऊन चालू केला तेव्हा बॉयलर पेटला खरा, पण आता सूत्रं दुसऱ्याच्या हातात होती.

दिलेला शब्द पाळणारेही आहेत, हे सांगितलंच पाहिजे. गावोगावच्या डीजेवाल्यांच्या ओळखीचा एफएल स्टुडिओ बेल्जियमच्या इमेज-लाइनचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘फ्रूटीलूप्स’ नावाने तो निघाला. एकदा घेतला की पुढची व्हर्जन फुकट, हा नियम त्यांनी इतकी वर्षं चालवलाय. ॲपलनेही २०१३ मध्ये लॉजिक प्रो टेन घेतलेल्यांना २०२४ मधलं अकरावं व्हर्जन वेगळे पैसे न घेता दिलं, अर्थात त्यासाठी त्यांचाच महागडा कॉम्प्युटर लागतो. फरक कुठे आहे ते बघा. इमेज-लाइनकडे हा रोजचा भाव आहे, त्याला शेवटची तारीख नाही. नवे ग्राहक येत राहतात, जुन्यांना वरच्या आवृत्त्या आणि जोडीची प्लगिन विकली जातात, त्यातून पगार निघतात. ॲपलचं पोट मुळात फोन, कॉम्प्युटर अशी उपकरणं विकून भरतं. केकवॉकने आयुष्यभराचा वायदा सेलमध्ये काढला. सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात आणि आयुष्यभराचं गिऱ्हाईक पैसे एकदाच देतं. नवं गिऱ्हाईक आटलं की हा हिशेब बसत नाही. मग कंपनी मासिक भाडं सुरू करते, विकली जाते किंवा बंद पडते.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो रीपर. साठ दिवस वापरून बघा म्हणतात. एकट्यादुकट्यासाठी सवलतीचं लायसन्स साठ डॉलरचं, आणि ते कुठल्या व्हर्जनपर्यंत चालेल हे विकतानाच सांगतात. आयुष्यभराचं नाव काढत नाहीत. कुठवर चालणार हे जो आधी सांगतो, त्याच्याशी व्यवहार करावा.

आयुष्यभराच्या वायद्याचा अनुभव आपल्या देशानेही घेतलाय. २००५ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ इनकमिंग काढलं तेव्हा एसटी स्टँडवरच्या दुकानांपासून वाड्यावस्त्यांपर्यंत त्या कार्डांची चर्चा होती. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २००६ मध्ये बजावलं की कंपनीचं सरकारी लायसन्स, नूतनीकरण धरून, जोवर आहे तोवर ही सवलत द्यावीच लागेल आणि लायसन्स कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी संपतं हेही ग्राहकाला सांगावं लागेल. निदान कुणीतरी विचारलं. तरी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज आणलं, आणि फोन फक्त घेण्यापुरता ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याचा खर्च लागला. त्याच वर्षी एअरसेल ही मोबाइल कंपनी दिवाळखोरीत गेली.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबाबत असा प्रश्न विचारणारं आपल्याकडे कुणी नाही. कायदा मात्र अगदीच मुका नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या यादीत पहिलीच युक्ती खोटी घाई करण्याची आहे. तीन दिवसांची ऑफर चौथ्या दिवशी तशीच चालू दिसली, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे शिरूरकराला पुण्यापर्यंतच जायचंय. परदेशी कंपनीकडून वसुली होणं अवघड आहे, हे मीही मान्य करतो. पण तक्रारच गेली नाही तर या धंद्यात असं काही चालतं हे सरकारदरबारी कळणार कसं?

तर्क लढवण्यात वेळ घालवू नका. नवं व्हर्जन कधी येणार, ऑफर दिवाळीत परत निघेल का, कंपनी विकायला काढलीय का, यावर रात्री जागवणारे मी पाहतो. त्यांना आतलं काही माहीत नसतं आणि ज्यांना असतं ते बोलत नाहीत. बोलायचंच तर कंपनीला ऐकू जाईल असं बोला. मार्च २०२३ मध्ये इस्रायलच्या वेव्हजने आपली प्लगिन कायमची विकणं बंद करून फक्त भाड्याने देण्याचं ठरवलं. जगभरचे ग्राहक असे काही उसळले की काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं तर दुसरं मिळेल. पण त्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये अडकलेलं गाणं? चौफुल्याच्या कला केंद्रांत पिढ्यान्‌पिढ्या लावणी गाणाऱ्या बायका आहेत. गावोगाव भारुडं तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं आहेत. आज त्यांचा आवाज कुठल्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत रेकॉर्ड होतोय, पहिल्यांदा आणि कदाचित शेवटचाच. तमाशातल्या गाण्यांची जुनी कॅसेट आजही टेपरेकॉर्डरमध्ये घातली की वाजते, तिला लॉगिन लागत नाही. आजची फाइल मात्र उघडण्याआधी लायसन्स मागते, आणि ते तपासणारा सर्व्हर बंद झाला असेल तर गाणं आतच राहतं.

म्हणून गाणं पुरं झालं की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढा. आवाज वेगळा, ढोलकीचे दोन्ही माइक वेगळे, पेटी वेगळी. सगळ्या फाइली शून्य सेकंदापासून सुरू करा, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तरी जुळून येतील. टेम्पो, पट्टी, तारीख आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव फाइलीसोबत लिहून ठेवा. एक प्रत घरात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्याच्या घरी.

सॉफ्टवेअर आज जे काम करतं त्याचे पैसे आज द्या. उद्याच्या व्हर्जनसाठी जी रक्कम बाजूला काढली होती, तिच्यातून ती दुसरी हार्ड डिस्क घ्या. उरले तर गेल्या यात्रेच्या गाण्याचे ढोलकीवाल्याचे पैसे अजून द्यायचे राहिलेत, ते देऊन टाका.