ब्रुनोचे लाइफ जॅकेट

कुत्र्याला घेऊन जलक्रीडा करायची हौस आता वसई-विरारच्या सोसायट्यांतही शिरली आहे. त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळते, वर उचलायला पाठीवर मूठसुद्धा असते. आत बहुधा लॅब्रेडॉर. याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांची जाळी ओढायचे, आणि हा म्हणे अर्नाळ्याच्या गुडघाभर पाण्यात बुडेल! (भीती मालकाला. कुत्र्याचे सगळे लक्ष वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांकडे.)

खरे तर किनाऱ्यापर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे जलक्रीडा घरपोच येते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरात माणसे अडकली. अशा पावसात गल्लीतले मोती नि काळू जॅकेटशिवाय, प्रशिक्षकाशिवाय, शुल्काशिवाय पोहतात. त्याला कोणी साहस म्हणत नाही. महापालिकाही म्हणत नाही. ती त्याला अतिवृष्टी म्हणते.

राहिला चिंचोटीचा धबधबा. तिथे अनेकांचे जीव गेले, म्हणून पावसाळ्यात बंदी घालतात. ती मोडून डोहात उतरणारा प्राणी दोन पायांचा असतो आणि त्याच्या अंगात जॅकेट नसते.

तेव्हा मालकहो, ब्रुनोच्या जॅकेटासोबत एक स्वतःच्या मापाचेही घ्या. आणि अर्नाळ्याला गेलात तर त्याची साखळी घट्ट धरा. ते बोंबील कोळणींना विकायचे असतात.