न दिसलेले एकशे अठरा

पाच हजारांचा माल विकला आणि खात्यात चार हजार आठशे ब्याऐंशी रुपये जमा झाले, तर विक्री किती झाली? शाळेत हे गणित घातलं असतं, तर पहिल्या बाकावरच्या मुलांनी पटकन ४,८८२ लिहून पाटी पालथी केली असती. मागच्या बाकावरून एकाने विचारलं असतं, "सर, मधले कुणी खाल्ले?" असली मुलं पुढे सीए होतात.

आमच्या वहिनी फराळाचे डबे करतात आणि हिशेब माझ्याकडे असतो. पूर्वी गिऱ्हाईक दारात यायचं, नोटा द्यायचं, वहिनी त्या साखरेच्या डब्याखाली ठेवायच्या. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद सगळं त्या एका डब्याखाली. मग वेबसाइट आली आणि तिच्या पोटात पेमेंट गेटवे आला. बंगळुरूचं गिऱ्हाईक क्रेडिट कार्डाने पाच हजार भरतं. गेटवे त्यातले दोन टक्के, म्हणजे शंभर रुपये, आपले म्हणून ठेवतो. त्या शंभरावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे अठरा रुपये. उरलेले दोन दिवसांनी बँकेत येतात. वहिनींचं म्हणणं साधं आहे : "जे आलं ते आलं, भाऊजी. जे दिसलंच नाही ते कशाला लिहायचं?"

मराठी संसाराचा सगळा अर्थसंकल्प या वाक्यावर चालत आला आहे, त्यामुळे मला ते खोडवेना. ते काम सीएने केलं. हा आमच्याच सोसायटीतला मुलगा, वहिनींचे बेसनाचे लाडू खाऊन मोठा झालेला. पण हिशेबाला बसला की लाडू ओळखत नाही. तो म्हणाला, "काकू, विक्री पाच हजारच. शंभर खर्चात लिहायचे, अठरा जीएसटीच्या येण्यात. ४,८८२ हा आकडा फक्त बँकेच्या पासबुकात शोभतो."

मध्यस्थाने आपला वाटा घेणं आपल्याला नवं नाही. पेशवाईत पैसा मुलखातून मुलखात जायचा तो सावकाराच्या हुंडीने, आणि सावकार हुंडणावळ घ्यायचा. नाणीही एकजात नव्हती. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, आणि एकाचा दुसरा करताना बट्टा. तेव्हाच्या कारकुनाने ही हुंडणावळ खर्चात लिहिलीच, कारण ती त्याला दिसत होती. मनीऑर्डरीचंही तसंच. मुंबईचा चाकरमानी कमिशन पोस्टाच्या खिडकीवर वेगळं मोजून द्यायचा आणि कोकणात आईच्या हातात पूर्ण रक्कम पडायची, पोस्टमनच्या चहापाण्याची कसर सोडून. गेटवेने काय बदललं, तर पाठवणाऱ्याला काही लागत नाही, घेणाऱ्याला काही दिसत नाही. न दुखता दात काढावा तसं हे शुल्क जातं, आणि दुखलं नाही म्हणून कुणी वहीत लिहीत नाही.

लिहिलं नाही तर काय होतं? विक्री ४,८८२ दाखवली, पण गेटवेकडे ती पाच हजारांचीच नोंदलेली, जीएसटीच्या विवरणपत्रातही बिलाप्रमाणे, करासकट, पाच हजारांचीच. मग तीन कागद तीन गोष्टी सांगू लागतात आणि नोटीस येते ती कागदांना नाही, वहिनींना. शिवाय ते अठरा रुपये. गेटवे महिन्याचं एक कर-बिल देतो. त्यावर वहिनींचा जीएसटी क्रमांक हवा आणि पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर तयार होणाऱ्या २बी विवरणात तो कर दिसायला हवा. दिसला तरच त्याची वजावट. हे बिल कुणी दारात आणून टाकत नाही. लॉगिन करून, 'रिपोर्ट्स'च्या खाली, भलत्याच कोपऱ्यात जाऊन ते उतरवावं लागतं. दर महिन्याला मी ते उतरवतो आणि दर महिन्याला तो कोपरा बदललेला असतो.

एक गंमत मला फार आवडते. गिऱ्हाइकाच्या पाच हजारांत फराळावरचा जीएसटीही असतो, म्हणजे सरकारचा पैसा. गेटवे दोन टक्के घेतो ते पूर्ण पाच हजारांवर. सरकारचा कर सरकारपर्यंत नेण्याची हमालीही वहिनीच भरतात! हे सांगितल्यावर त्या अर्धा तास गप्प होत्या. आमच्या घरात ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरं दुखणं परताव्याचं. कुणाच्या सासूबाईंनी ऐन वेळी गावाहून फराळ पाठवला, म्हणून ऑर्डर रद्द होते. वहिनी पाच हजार पूर्ण परत करतात. गेटवे मात्र बहुधा आपले शंभर ठेवून घेतो. विक्री शून्य, खर्च शंभर. असा व्यवहार फक्त हिशेबाच्या वहीतच होऊ शकतो. आणि बँकेत हे सुटं सुटं दिसतही नाही. दिवसभराच्या ऑर्डरी, एखादा परतावा, सगळ्यांचं शुल्क यांची गोळाबेरीज करून एकच विचित्र आकडा येतो, शेवटी पैसे चिकटलेला. 'गेटवेकडून येणे' असं खातं उघडलं तेव्हा कुठे तो उलगडला. २०२५ साली पाडवा ३० मार्चला आला, तोही रविवारी. पुरणपोळ्या मार्चमध्ये गेल्या, पैसे एप्रिलमध्ये आले. आर्थिक वर्षाची हद्द मधे उभी असताना या खात्याने अब्रू राखली.

यूपीआयवर वहिनींचा जीव आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, लागत नाही, आणि दारातल्या क्यूआरवर आलेले पाचशे म्हणजे पाचशे. वेबसाइटवर मात्र काही गेटवे आपलं सेवाशुल्क वेगळं लावतात, तेव्हा शून्य म्हणजे किती हे बिल उघडूनच पाहायचं. प्राप्तिकरात अंदाजित नफ्याची सोपी वाट धरणाऱ्यांना तर हे शुल्क वेगळं वजा करताच येत नाही. डिजिटल विक्रीवर सहा टक्के, रोखीवर आठ टक्के नफा धरला की सगळे खर्च त्यातच आले. विक्री मात्र तिथेही पूर्ण पाच हजार.

शेवटी वहिनींनी शुल्क किमतीतच घालायचं ठरवलं. पण किंमत वाढली की दोन टक्केही वाढतात. हातात पाच हजार हवेत तर ५,१०२ रुपये चार पैसे लावायला हवेत. चार पैसे कोण देणार! वहिनींनी ५,१०० लावले. वजा जाता राहिले ४,९९८. जीएसटी वजावटीतून परत मिळतो, तो सोडला.

"मग ते दोन रुपये कुठे लिहायचे?" त्यांनी सीएला विचारलं.

"कुठेच नाही, काकू. तो खर्च नाही. तुम्ही कमी घेतलेत, एवढंच."

"कमी घेतले तर लिहायला नकोत?"

जुन्या वह्यांमध्ये अशा किरकोळ गोष्टींसाठी कसर-वटाव खातं असायचं, असं मी मधेच म्हणालो. मुलाने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि लाडू मागितला.