पंगतीतून उठलेला पेत्र

अहो, ऐकलंत का? या ना जरा अलीकडे, मोठ्यानं बोलायची सोय नाही. तो पेत्र हो, येशूचा पट्टशिष्य! अंत्युखियात यहुदी नसलेल्यांच्या पंगतीला मजेत जेवत होता. यरुशलेमेहून तिथल्या पुढारी याकोबाकडची माणसं आली मात्र, गडी हळूच बाजूला! त्याचं बघून बाकीचे यहुदी सरकले. बर्णबासुद्धा! पौलाचा इतका जिवाभावाचा सोबती, पौलाला काय वाटलं असेल... पौल कसला ऐकतोय, सगळ्यांदेखत खडसावलंन. त्यानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दुसऱ्याच अध्यायात आहे. पंचहौदातल्या काकूंनी सांगितलं.

तर काय सांगत होते, पंचहौद! आपल्या पुण्यात गुरुवार पेठेत तेच नाही का झालं, १८९० साली? गोपाळराव जोशी, आनंदीबाई डॉक्टरणीचे यजमान, भारी खटपट्या माणूस. तिथल्या ख्रिस्ती मिशनात बडी मंडळी जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला. आणि मग गोपाळरावांनी नावांची यादीच छापून आणली 'पुणे वैभवा'त! रानडे, टिळक... सकाळी पेपर उघडल्यावर एकेकाचा चेहरा कसा झाला असेल हो!

पुढे ग्रामण्य, वाळीत टाकायची भाषा, शंकराचार्यांपर्यंत तक्रार. टिळक म्हणाले, मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, तेही मित्रांची अडचण सुटावी म्हणून. तर सुधारकच चिडले! इकडून शास्त्री, तिकडून सुधारक, मध्ये बिचारे रावसाहेब.

मी म्हणते, भीती कोणाची होती? गोऱ्या साहेबाची? छे! श्राद्धाला भटजी आला नाही तर, मुलीचं लग्न अडलं तर, ही भीती. पेत्रालाही त्या दिवशी रोमी शिपायाची थोडीच होती? आपलीच माणसं दारात उभी. परक्याला तोंड देता येतं हो, पण ज्यांच्यात उठायचं-बसायचं त्यांना... आणि रानड्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ नाही रेटत. पेत्रालाही नाही.

बरं, एक गंमत लक्षात आली का? पेत्रानं उलट काय उत्तर दिलं, ते पौलानं लिहिलंच नाही! सगळी त्याचीच बाजू. रानड्यांच्या घरचं निदान त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, आठवणींत लिहून तरी ठेवलं. बायको तर पेत्रालाही होती, त्याच्या सासूचा ताप येशूनंच नाही का उतरवला? त्या बायकोनं चार ओळी खरडल्या असत्या तर...